तळघरातले एकोणीस मासे

सकाळी सव्वासातला सुमनताईंचा फोन आला. "माधवराव गेले," एवढंच म्हणाल्या, आणि जरा थांबून, "ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते..." कोट चढवण्याआधी मी पेन्सिल घेतली. सवय आहे, काय करणार. त्यांच्या मुलाला फोन, फ्यूनरल होम, गुरुजी, येणाऱ्यांसाठी वरणभात... आणि शेवटी लिहिलं: मासे.

माधवराव सोहनी आणि माझे यजमान डेट्रॉइटजवळच्या एकाच कार कंपनीत होते. आम्ही ट्रॉयमध्ये घरं घेतली तीही दोन गल्ल्यांच्या अंतरानं. माधवराव रेडिएटर बनवणाऱ्या विभागात. दिवसभर इंजिनं थंड ठेवायची आणि घरी येऊन पाणी गोठू द्यायचं नाही, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. कोइ हे रंगीत जपानी मासे त्यांनी बोटभर असताना आणले, ते वाढून हातभर झाले. एकूण एकोणीस. उन्हाळ्यात ते परसातल्या तळ्यात असत आणि ऑक्टोबर लागला की टबांतून तळघरात येत. तिथे माधवरावांनी लाकडी फळ्यांचा कमरेइतका उंच हौद केला होता, आतून काळं रबर. पाणी गरम मात्र करायचं नाही. मासे तळाशी दगडासारखे पडून राहत आणि मार्चपर्यंत काही खात नसत. मी एकदा कीव येऊन ब्रेडचा तुकडा पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "वहिनी, पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की घास पोटात कुजतो. उपाशी मासा मरत नाही, जेवलेला मरतो."

एका जानेवारीत तारांवर बर्फ साचून वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. माशांना हवा मिळावी म्हणून बादलीनं पाणी उपसून उंचावरून पुन्हा हौदात ओतत राहायचं होतं. मी वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या. चार घरची माणसं सकाळपासून दुपारपर्यंत ओतत होती आणि माधवराव प्रत्येक माशाचे कल्ले बघत होते. त्याच आठवड्यात मिरजेला सुमनताईंच्या आई अत्यवस्थ होत्या. सुमनताई गेल्या नाहीत. पुन्हा वीज गेली तर दोन माणसं लागतील, असं माधवराव म्हणाले होते. वीज खरंच पुन्हा गेली, आणि आई गेल्याची तार आली तेव्हाही त्या बादली घेऊन उभ्या होत्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. पाळीच्या तक्त्यात त्यांचं नाव मीच घातलं होतं.

दहाव्या दिवशी देवळातले गुरुजी आले. पिंड घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवला. बाहेर शून्याच्या खाली, कावळा कुठला... एक खार आली, हुंगून गेली. तासाभरानं गुरुजी म्हणाले, वाहत्या पाण्यात सोडा. पण नदी गोठलेली. सुमनताईंनी पिंड उचलला आणि तळघराचा जिना उतरू लागल्या. मी मागोमाग. थर्मामीटर सेहेचाळीस दाखवत होता. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही.

भाताचा गोळा तळाशी गेला. मासे हलले नाहीत. कॅलिफोर्नियाहून आलेला त्यांचा मुलगा नील, त्याचं दोन दिवसांनी परतीचं विमान होतं. आईनं सोबत यावं म्हणून तो आठवडाभर विनवत होता आणि त्या म्हणत होत्या, थंडीत मासे हलवता येत नाहीत, मे महिन्यापर्यंत मला इथेच राहायला हवं. एकट्या, या घरात, या पाण्याशेजारी. आमच्यामागून उतरलेला नील हात जोडून म्हणाला, "बाबा, आय विल टेक केअर ऑफ आई." काही नाही. मासे मी सांभाळीन, असं मी म्हटलं. तरी काही नाही. पंपाची घरघर तेवढी चालू होती. सुमनताई हौदाच्या काठाला धरून वाकल्या.

"मी जातेय," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, बाजारात जाऊन येते म्हणावं तशा. "आईच्या वेळी थांबले. आता नाही थांबणार."

सगळ्यात जुना, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला मासा तळावरून सुटला. घाई न करता भाताशी आला. तोंड उघडलं, मिटलं. आणि मागोमाग बाकीचे अठरा.

भात पाच मिनिटांत संपला. थंडीत मासा कधीकधी हलतो, हे मला माहीत आहे. पुढे आठवडाभर मी रोज पाणी तपासलं, मेलेला मासा काढायला जाळी जवळ ठेवून. एकही मेला नाही.

सुमनताई नीलकडे गेल्या. फोनवर छान बोलतात, माशांचं विचारत नाहीत. मे महिन्यात एक मिशिगनचेच गृहस्थ मासे घेऊन जातील. तोवर किल्ली माझ्याकडे. रोज कामावर जाताना सात वाजता मी तळघरात उतरते, तापमान लिहिते, फिल्टर बघते. खायला काही देत नाही. तरी मी दिवा लावते तेव्हा एकोणीसच्या एकोणीस मासे वर आलेले असतात, अंधारात, एकमेकांना चिकटून. जिना त्यांच्या मागे असतो. तोंडं समोरच्या भिंतीकडे, जिथे स्टूल ठेवून माधवराव बसत. माझी चाहूल लागली तरी एकही वळत नाही... मी आकडा लिहिते, दिवा घालवते आणि त्या बाजूला न बघता वर येते.