शाळेच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचं नाव

मंडळी, आज दुपारी काकांना घेऊन विद्यापीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गेलेलो. आत्ताच माजिवड्याला घरी आलोय. कुणाशी तरी बोलायचंय म्हणून लिहितोय.

ती जागा आमच्या गावची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काकांच्या आजोबांनी मिठागरात राबणाऱ्यांच्या मुलांसाठी तिथे शाळा बांधली. काका तिथेच शिकले. विद्यापीठाने जागा मागितली तेव्हा गावाची एकच अट होती, नव्या इमारतीला आजोबांचं नाव द्या. साहेब लोक हो म्हणाले. शाळा पाडली गेली.

आज पडदा सरकला, तर पाटीवर एका फायनान्स कंपनीच्या मालकाचं नाव. काकांना वाटलं, आपण चुकीच्या इमारतीसमोर बसलोय.

कार्यक्रम संपल्यावर ते एका अधिकाऱ्यापाशी गेले. "सायेब, आमचे आज्याचा नाव कुठं हाय?"

तो अदबीने म्हणाला, "काका, इमारतीचा खर्च त्यांनी केलाय. आजोबांच्या नावाने बागेत एखादा बाक ठेवू."

मी भांडायला पुढे झालो, तर काकांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे रे. शब्द देणारे कवाच रिटायर झाले."

घरी काकूने विचारलं, "लागलं का नाव?"

काका मान हलवून हो म्हणाले आणि आत जाऊन झोपले. काकू शेजारीपाजारी सांगायला गेलीय, आजेसासऱ्यांचं नाव विद्यापीठाला लागलं म्हणून.

तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?