जास्तीचा डाख

सकाळपासून आभाळ गच्च कोंदलेलं आणि वाऱ्याचा पत्ता नाही. पेट्रोलचा वास अंगणातून हलायलाच तयार नव्हता. उलट खिडकीतून स्वयंपाकघरात शिरून तो थेट चहाच्या आधणावर बसला होता.

"अहो, गॅस पेटवू की नको?" बायकोनं आतून विचारलं. "का तुमच्या म्हातारीसकट सगळेच एकदम वर जाऊ या?"

फळीवर शेजारणीचं शिलाई मशीन तेलाची वाट बघत उघडं पडलं होतं. ते तसंच सोडून मिस्त्रींनी पुन्हा म्हातारीच्या बॉनेटखाली डोकं घातलं.

म्हातारी म्हणजे गाडी. वडलांची, गोल डोळ्यांची, चढावर धापा टाकणारी. वडलांमागे ती थोरल्या ताईच्या नावावर आली आणि तिची देखभाल मिस्त्रींच्या गळ्यात. महिनाभर कार्बोरेटर गळत होता. काल ताईनं जिन्यावरूनच सांगून टाकलं होतं, "उद्या दुपारी भंगारवाला येतोय. तोवर गळती थांबली तर थांबली. नाहीतर जाऊ दे बाबा एकदाची."

गाडी जाणार या विचारानं मिस्त्रींना रात्री जेवण गेलं नव्हतं. वडलांच्या मांडीवर बसून याच गाडीचं स्टेअरिंग त्यांनी पहिल्यांदा धरलं होतं.

माणूस कामाचा पक्का. फक्त हात सैल. नट आवळला की वर आणखी एक पीळ द्यायचाच. ग्रीस लावायचं तर बोटभर. एका शेजाऱ्याची खडखडणारी खिडकी त्यांनी अशी बसवून दिली की ती आजतागायत उघडलेली नाही. तो बिचारा पंखा घेऊन मोकळा झाला.

वायसर बदलून झाले, गॅस्केट दोनदा बदललं, पेट्रोल अडवणारी सुई नवी घातली. तरी थेंब आपला टप्, टप्. जणू तो मिस्त्रींना वेडावत होता.

"अगं, तुझी पावडर दे."

"तोंडाला लावायची?"

"कार्बोरेटरला!"

बायकोनं डबा आणून हातात आपटला. मिस्त्रींनी कार्बोरेटर कोरडाठाक पुसला, त्याला नखशिखांत पावडर फासली आणि पंपानं पेट्रोल चढवलं. पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. पण ती जोडातून निघाली नव्हती. वरच्या बारीक भोकातून खाली ओघळत आली होती.

म्हणजे पेट्रोल गळत नव्हतं, उतू जात होतं! संडासाच्या टाकीत जसा तरंगणारा गोळा असतो तसा इथे पितळी फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की त्यानं वर येऊन सुई दाबायची, की पेट्रोल बंद. हा शहाणा वेळेवर वर येत नव्हता.

मिस्त्रींनी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत काही खळखळलं नाही. मग गरम पाणी अंगणात मागवून त्यात बुडवला. भोक असतं तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

"भोक असेलच कसं? गेल्या महिन्यात मीच कथील वितळवून डाख देऊन बुजवलंय!" मिस्त्री पाण्यावरच खेकसले.

तेवढ्यात ताई खाली आली. कंबरेवर हात ठेवून तिनं तो फ्लोट बघितला. एका कुशीवर सुपारीएवढा कथलाचा गोळा. पाण्यात तो बिचारा कलून, निम्म्याहून जास्त बुडून पडला होता.

"हे काय रे धाकट्या? याला गळू झालंय की काय?"

"डाख आहे तो. पक्का बसावा म्हणून—"

"वन्सं, यांचं आणि थोडक्यात?" बायको दारातून म्हणाली. "मीठ घाला म्हटलं की बरणी उपडी करतात!"

मिस्त्रींनी फ्लोट पाण्यातून काढून तळहातावर तोलून बघितला. सुपारीएवढं वजन पाठीवर घेऊन तो वर येणार कसा? महिनाभर गॅस्केटला, सुईला, वायसराच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, आणि म्हातारीला बुडवत होता तो आपलाच डाख!

कानस घेऊन ते बसले. ताई डोक्यावर उभी राहिली. "बास. अरे बास म्हटलं ना! आता पितळ खाशील!" शेवटी तिनं हातातून कानसच ओढून घेतली. डाख डाळीएवढा उरला. आता फ्लोट पाण्यावर सरळ, हलका डुलायला लागला.

कार्बोरेटर जोडला, पुन्हा पावडर फासली, पेट्रोल चढवलं. तिघंही वाकून बघत राहिली. पावडर पांढरी ती पांढरीच. किल्ली फिरवली तशी म्हातारी खोकली, शिंकली आणि चालू झाली.

फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी वाजली. ताईनं वळूनही न बघता सांगितलं, "जुने डबे आहेत मागे, ते ने. गाडी नाही द्यायची." आणि मग भावाकडे बघून, "आणि तू! पुन्हा हिला हात लावशील तेव्हा मला हाक मारायची. आधी."

"झालं का माझं मशीन?" कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली. "आणि तेल बेतानं हं! मागच्या वेळी माझं पांढरं पोलकं गेलं!"

मिस्त्री पुटपुटत फळीकडे वळले. तेलाची बुदली उचलली, मशीनच्या भोकात एक थेंब सोडला, हात मागे घेतला. मागे बघितलं. ताई जिना चढत होती.

त्यांनी आणखी एक सोडला.