शेजारची बुजरी सून

मुलुंडला राहायला आलो तेव्हा शेजारच्या घरात मालवणकडच्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा सकाळीच कुर्ल्याला कामावर जायचा. मी दुपारी कधी आमटी, कधी खीर घेऊन त्यांच्याकडे डोकवायचे.

"आत सून आसा," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "लाजता गो ती. भायर येवची नाय."

स्वयंपाकघरातून काकणांचा आवाज येत होता. "वहिनी, या ना बाहेर," मी म्हटलं. आवाज थांबला. पुढे दर वेळी हेच.

माझी आई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवायची. मी तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "याला लाजणं नाही म्हणत गं. लाजणारी बाई दारापर्यंत येते, खाली बघून हसते, मग आत पळते. ही बुजरी. जनावर कसं बुजतं? काहीतरी दिसल्याशिवाय नाही बुजत."

ते माझ्या डोक्यातून जाईना. एकदा गेटवर आजींचा मुलगा भेटला. "वहिनी फारच बुजऱ्या आहेत हो," मी म्हटलं.

त्याने गेट लावून घेतलं. मग म्हणाला, "माझं लग्न झालेलं नाही, ताई. आईचं वय झालंय. तुम्ही आपलं हो म्हणत जा."

काकणांचं मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आजींना खुर्चीत डुलकी लागली होती. हात मांडीवर, मनगटं मोकळी. आत काकणं वाजत होती. या वेळी मी हाक मारली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला, खिडकी बंद. कोणी नाही.

"कित्याक गेलंस आत?" मागून आजींचा आवाज आला. "भियाली ना ती!"

त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. आजीही माझ्याशी नीट बोलेनाशा झाल्या. काही महिन्यांनी मुलाने बोरिवलीला घर घेतलं.

निघताना सामान खाली गेल्यावर आजी उघड्या दाराशी थांबल्या. कोणी चप्पल घालेपर्यंत थांबावं, तशा. "चल गो बाय," त्या आत बघून म्हणाल्या. मग लिफ्टमध्ये शिरून, अंग चोरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मुलगा मला म्हणाला, "या ना ताई, जागा आहे."

मी जिन्याने उतरले.