काविळीची माळ आणि माझी गोळी

माझं सासर तापीकाठच्या गावात. सोनोग्राफीला जायचं असलं की अर्धं घर दवाखान्यात यायचं. माझं रक्त तपासावं असं मात्र सातव्या महिन्यापर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी रनाळ्याला आले आणि नंदुरबारच्या दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत तपासण्या लिहून दिल्या. त्यात हिपॅटायटीस बी निघाला.

बाईंनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं, की हा काविळीचा विषाणू आहे, डोळे पिवळे नसले तरी रक्तात असतो, आणि माझ्या रक्तात तो खूप आहे. बाळंतपणात बाळाला लागला तर बहुधा जन्मभर राहतो. म्हणून मी रोज एक गोळी घ्यायची, आणि बाळ जन्मल्याबरोबर त्याला लस आणि आणखी एक इंजेक्शन द्यायचं. गोळी पोटातल्या बाळाला चालते. मनाने बंद करायची नाही.

एवढं साधं होतं. ते बिघडवायला औषधाच्या दुकानातला माणूस पुरला. चिठ्ठी बघून तो दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "ही तर एचआयव्हीवाल्यांना देतात. गरोदर बाईला कशाला?" एकच औषध दोन आजारांवर चालतं हे ठाऊक नसेल, तर निदान तोंड बंद ठेवायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गोळ्या घेतल्या, पण आईचा चेहरा पडला तो पडलाच.

एवढ्या सगळ्या बोलण्यातला आईने एकच शब्द धरला, कावीळ. आणि काविळीवर आमच्याकडे माळ. शेजारच्या गावातला एक म्हातारा हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवून कडं करतो. ते डोक्यावर ठेवायचं. ते वाढत वाढत गळ्यात येतं, मग कमरेवर, आणि पायाशी उतरलं की कावीळ गेली. आईच्या समाधानासाठी मी घालून घेतलं. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. मेथीच्या जुडीला घातली असती तरी लांबली असती.

माळ उतरली त्या सकाळी गोळ्यांची डबी जागेवर नव्हती. आईने ती चुलीत टाकली होती.

"माळ उतरी गयी, आते कावीळ नही," ती शांतपणे म्हणाली. "ती गरम गोळी पोरले बाधी."

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुले कोणी सांगं? पोरलेच वाचाडानी गोळी व्हती ती!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्याने कापूस वेचायला निघालेल्या बायका थबकल्या. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, आई म्हणतात तर राहू दे. मग तूही रक्त तपासून घे म्हटलं, तर म्हणे, "मला काय झालंय?" सगळ्यांचं रक्त स्वच्छ, खोट तेवढी माझ्यात! मी त्याच पावली, पोट सावरत, एसटीने नंदुरबार गाठलं आणि नव्या गोळ्या आणल्या. त्यानंतर डबी कुणाच्या हाती लागू दिली नाही.

मुलगी झाली. मी आधी इंजेक्शनांची चौकशी केली. दिली, असं नर्सने सांगितलं. अंगावर पाजायलाही बाईंची हरकत नव्हती. पुढची एकही लस मी चुकवली नाही, आणि मुलगी वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. संसर्ग नव्हता. मी रडले, तेही रागानेच. एवढ्याशा गोष्टीसाठी मला सगळ्यांशी भांडावं लागलं होतं.

घरच्यांनीही तपासून घ्यावं असं बाई पहिल्यापासून सांगत होत्या. नवरा अखेर आला, त्याला काही नव्हतं. आईला मी जवळजवळ ओढतच नेलं. तिच्या रक्तात विषाणू निघाला. तो फार जुना असावा, आणि बहुधा जन्मतानाच तिच्याकडून माझ्याकडे आला असावा, असं बाई म्हणाल्या.

आई मांडीवरच्या नातीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बोट करून बाईंवर कडाडली.

"हिना येळले मी बी दवाखानामाच व्हती. तवय मन्हं रगत कसाले कोणी तपासं नही?"