माता नव्हती ती

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नागपुरातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर झाले, याचा मला आजही अभिमान आहे. दादा-वहिनी आईजवळ, कुहीकडच्या गावात धान पिकवायचे.

वहिनीच्या मूत्रपिंडाला सूज होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती उतरली, पण चेहरा वाटोळा झाला. "पाहा वं बाई, तुमच्या डॉक्टरकीनं मले इतवारीची शेठाणी करून टाकलं!" असं म्हणून स्वतःच हसायची.

उन्हाळ्यात तिच्या मांडीवर फोड आले. आई म्हणाली, माता आली, म्हणजे देवी-कांजिण्या. दाराला कडुलिंबाचा पाला लागला, घरातली फोडणी बंद झाली आणि मातेवर औषध चालत नाही म्हणून आईनं गोळ्याही बंद केल्या.

निरोप मिळताच मी एसटीनं गेले. फोड एकाच मांडीवर होते, मधोमध काळेठिक्कर, भोवती लाल कडं. माता अशी नसते.

"दादा, हिले आत्ताच्या आत्ता नागपूरले न्या लागते गा."

"माय काय म्हणन?"

"मायले मी पाहतो," मी म्हटलं.

वॉर्डातले मोठे डॉक्टर म्हणाले, साधी गळवं आहेत, पेनिसिलिन द्या. मला पटेना. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी अंगाची जंतूंशी लढायची ताकद जाते. अशा माणसाला भलतेच जंतू धरतात. फोडाच्या कडेचं पाणी मीच काढून जंतू वाढवायच्या बशीत लावलं, रक्तही घेतलं. दुसऱ्या दिवशी बशीत हिरवी झाक आणि गोडसर वास. स्यूडोमोनास नावाचा जंतू. पेनिसिलिनला तो भीक घालत नाही. रक्तातही तोच निघाला. लगेच जेंटामायसिन सुरू झालं. नवे फोड यायचे थांबले.

पण घसरलेला रक्तदाब वर येईना. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम सुटलं की शरीर कोलमडतं. ते शिरेतून पुन्हा दिलं, सलाइन लावलं. उशीर झाला होता. वहिनी गेली.

तेरवीनंतर दादानं ओसरीवर मला गाठलं.

"जंतू सापडला म्हणे तुले?"

"हो."

"औषध लागू पडलं?"

"पडलं."

"मंग गेली काहून वं ती?"

मी त्याला सगळं सांगितलं. जंतू कसा रक्तात उतरतो, काळा फोड कसा होतो, आमच्याकडे यायला किती वेळ गेला. गोळ्या बंद केल्याचं तेवढं बोलले नाही. दाराआड आई तांदूळ निवडत बसली होती, आणि तिचा हात सुपात थांबला होता.