किल्ल्याच्या दारातला रिषभ

आमच्या खापर गावच्या वाचनालयात लोक पेपर वाचायला येतात, पंख्याखाली झोपायला येतात, आणि अल्पनाभाभी तिच्या मुलाला बघायला यायची. हसू नका. मी प्रमिलाबाई, इथली ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाली, सगळं एकटीच. डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते.

अल्पनाभाभी म्हणजे पेठेतल्या जवरीलाल शेठच्या किराणा दुकानाची सून. जैन घर, माहेर राजस्थानातलं, पण इथं येऊन अशी अहिराणी शिकली की आपण ऐकत राहावं. पाणी गाळून प्यायची, दिवस बुडायच्या आत जेवायची, आणि दुपारी दुकानामागच्या खोलीत धान्य निवडत बसायची. एकुलता एक मुलगा, रिषभ. त्याच खोलीत तो बापाच्या लहानपणचं गेमचं मशीन टीव्हीला जोडून बसायचा. बाप अरिहंत कधीकाळी ते सुरतेहून घेऊन आलेला. कॅसेट एकच. एक पोरगा तलवार घेऊन घरातून निघतो आणि जंगल, दलदल, बर्फ तुडवत काळ्या किल्ल्यापर्यंत जातो. रिषभ म्हणायचा, "मम्मी, बघ ना, पूल सापडला." ही मान वर न करता म्हणायची, "हां, चांगलं झालं," आणि खडे वेचत राहायची. कोणती आई बघते हो? मीही बघितलं नसतं.

बारावी झाली आणि पोरगा म्हणाला, दीक्षा घेतो. जवरीलाल शेठनं पेढे वाटले. घराण्याचं भाग्य उजळलं, असं सगळी पेठ म्हणत होती. अल्पनाभाभीही तेच म्हणत होती, पण तिचे डोळे सुजलेले मी बघितले. दीक्षेआधी साऱ्या वस्तू वाटून टाकायच्या असतात. कपडे, सायकल, मोबाइल गेले. मशीन आणि कॅसेट तो माझ्याकडे घेऊन आला. मी तेव्हा किशोर विभाग मांडत होते. पुस्तकांच्या नावानं पोरं फिरकत नव्हती, म्हटलं निदान खेळाच्या ओढीनं येतील. कपाटावर 'किशोर विभाग' अशी पट्टी लावली, जुना टीव्ही मांडला. विभागात घ्यायची वस्तू आधी तपासायला हवी, म्हणून मी स्वतः तो खेळ खेळले. या वयात. दलदलीत बुडून मेले किती वेळा, ते विचारू नका.

त्या कॅसेटमध्ये अर्धा खेळ जपून ठेवायला तीन खण आहेत. दोन रिकामे होते. तिसऱ्यात रिषभचं नाव होतं. नायकाचं नाव आपणच घालायचं असतं, त्यानं स्वतःचं घातलेलं. तो खण उघडला की रिषभ काळ्या किल्ल्याच्या दारात उभा. बटण नाही दाबलं की नुसता उभा राहतो, छाती वरखाली होते, वाऱ्यानं अंगरखा हलतो. पुढं गेलाच नव्हता तो. तिथूनच उठून दीक्षेला गेला.

हे मी भाभीला सांगितलं आणि तेव्हापासून तिची दुपार माझ्याकडे. दुकान बंद करून सगळे आडवे झाले की ही यायची, खुर्ची ओढायची. "ताई, लावा बरं." मी खण उघडून द्यायची. ती बघत बसायची. कधी तरी हळूच म्हणायची, "दम लागना व्हई त्याले, देख, कसा श्वास ली ऱ्हायना." मी पोरांना बजावून ठेवलं होतं, तुमचे खण दोन, तिसऱ्याला हात लावलात तर हात मोडून ठेवीन. एकानंही लावला नाही. पोरं चांगली आहेत, लोक उगाच नावं ठेवतात.

खरा रिषभ तिला कुठं दिसायचा? तो आता महाराज साहेब, कायम विहारात, गावोगाव पायी. कधी जवळच्या गावी आले तर ही जाऊन वंदन करायची. पोटच्या पोराच्या पाया पडायचं आणि लांबून बोलायचं. साधूला बाईनं शिवायचं नाही, आईनंही. तो आशीर्वादाचा हात वर करून "दया पालो" म्हणायचा, जसं सगळ्यांना म्हणतो तसं. नावही नवं. जुन्या नावानं उभा असलेला तो एवढा एकच रिषभ उरला होता, माझ्या टीव्हीत.

यंदा त्यांचा चातुर्मास शहाद्याला होता. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरी येते. त्या दिवशी हे लोक एकमेकांची क्षमा मागतात, मनातलं पाप बोलून टाकतात. भाभी उपास करून शहाद्याला गेली. दुसऱ्या दिवशी परत आली ती स्टँडवरून सरळ वाचनालयात. ओठ सुकलेले.

"ताई, त्याले पुसी टाका."

"कोणाला?"

"तिसरा खणवालाले."

मी म्हटलं, बस आधी, पाणी पी. पाण्यालाही हात लावेना. मग हळूहळू बाहेर आलं. तिनं महाराजांपुढं हात जोडून सांगून टाकलं होतं की मी रोज तुमचं जुनं नाव बघत बसते.

कपाळाला हात लावला मी. "अगं, सांगायचंच कशाला? कोण विचारत होतं तुला? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

"संवत्सरीले लपाडीसन कसं चाली, ताई?"

"मग काय म्हणाले ते?"

"म्हणे, श्राविका, हाऊ मोह शे. त्या नावना आते कोणी नही. पुसी टाका." मग म्हणाली, "माले श्राविका म्हणे. समद्या बायास्ले म्हणतस तसं."

मला इतका राग आला की कोणाचा ते मलाच कळेना. म्हटलं, राहू दे गं, शहाद्याला काय दिसतंय इथलं? तर म्हणे, पचखाण घेतलंय, पुसल्याशिवाय अन्नपाणी नाही. त्यांचं पचखाण म्हणजे शपथेहून मोठं, ते मोडणारी ही नव्हे.

मी मशीन लावलं. पुसायची जागा दाखवली. मला काही दाबवेना. तिनंच दाबलं. मशीन पुन्हा विचारतं, नक्की का. तिनं पुन्हा दाबलं. नाव गेलं.

मी तिला पाणी दिलं, ते प्यायली. उठेना. म्हणाली, "सुरुवात कशी व्हस येनी? तो सांगे माले. मी ध्यान नही दिधं."

मी रिकाम्या खणात कसलंसं अक्षर टाकून नवा खेळ सुरू केला. छोटं घर. दारात नायकाची आई. तिच्यापाशी गेलं की ती बोलते, इंग्रजीत. मी अर्थ सांगितला. "सांभाळून जा, लवकर घरी ये." पुन्हा गेलं तरी तेवढंच म्हणते, तिला दुसरं वाक्यच दिलेलं नाही.

भाभी दारातल्या त्या बाईकडे बघत राहिली. "मंग शेवटले तो घर येस का?"

खोटं बोलायला हवं होतं. पण उपाशी बाईशी बोलवलं नाही. म्हटलं, "नाही गं. किल्ला जिंकला की खेळ संपतो. घर पुन्हा येतच नाही."

"आन् हाई माय?"

"ती तिथंच."

तिनं मान हलवली, खुर्ची जागेवर सरकवून ठेवली आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेली.