धुऱ्यावरचा तरवड

सुलतानपूरच्या शिवारात हिंमतरावांच्या धुऱ्याची ख्याती होती. दोन शेतांना विभागणारा तो मातीचा चिंचोळा पट्टा इतरांकडे गवताझुडपांनी माजलेला असे. हिंमतरावांचा मात्र सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. दर चैत्रात, आखाजीपूर्वी म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, ते स्वतः कुदळ घेऊन धुऱ्यावर उतरत आणि तरवडाचे एकेक झुडूप मुळासकट उपटून काढत. ज्याचा धुरा माजला तो आळशी, असा गावाचा न्याय होता, आणि त्या न्यायासनावर हिंमतराव मनोमन स्वतःलाच बसवीत आले होते.

त्यांचे हे शास्त्र अनुभवातून आलेले होते. त्यांच्या तारुण्यात मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे आपापला वाटा ओतून जात. तेव्हा तरवडाशेजारची ज्वारी पिवळी पडे, आणि झुडूप काढताच ती उसळून वर येई. शेजारचे झुडूप म्हणजे ओलाव्यातला भागीदार, हे त्यांच्या मनाने तेव्हा जे धरले ते कायमचे.

त्यांच्या शेताला लागून सोजराबाईंचे शेत होते. त्यांचे यजमान किसनराव अखेरच्या दुखण्यात एकदा बैलगाडीतून शेतावर आले होते. सामाईक धुऱ्यावरच्या तरवडाच्या सावलीत बसून त्यांनी एक आंबा खाल्ला आणि त्याची कोय तिथेच, झुडपाच्या बुडाशी, बोटांनी माती उकरून पुरली. किसनराव गेले, कोय रुजली. ते गुडघाभर रोप सोजराबाईंच्या लेखी रोप नव्हते. शेतात शिरताना त्या आधी तिकडे जात, पानांवरून हात फिरवीत आणि मगच कामाला लागत. किसनरावांच्या भिडेने हिंमतरावांनी तेवढ्या तरवडांना कधी कुदळ लावली नव्हती.

बहात्तरच्या चैत्रात सोजराबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मोताळ्याला गेल्या. आदला पावसाळा कोरडाच गेला होता. जाताना त्यांनी रोपाची काळजी हिंमतरावांवर सोपवली. हिंमतरावांना वाटले, एवढ्याशा ओलीत तरवड वाटा मागणार आणि रोप उपाशी मरणार. त्यांनी रोपाभोवतीचे सारे तरवड खणून काढले, सुबक आळे केले, शेळ्या शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि विहिरीच्या तळाचे पाणी घागरीने आणून ओतले. ते सारे त्यांनी ममतेने केले, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

पलीकडच्या शेतातला निजाम हे पाहून हसला.

“हिंमतभाऊ, धुरा तं नवरदेवाच्या गालावानी गुळगुळीत केला तुम्ही. आता सावलीले बसाचं कुठं, तुमच्या पागोट्याखाली?”

“तू आधी तुहं रान साफ कर,” हिंमतराव म्हणाले.

वैशाखात उष्ण वारे सुटले. पाणी मिळूनही रोपाच्या पानांच्या कडा करपल्या, मग पाने गळाली, मग शेंडा काळा पडला. हिंमतराव घागरींवर घागरी ओतत राहिले. एका दुपारी निजामच्या माजलेल्या धुऱ्यावरून जाताना त्यांचे पाऊल अडखळले. तिथल्या तरवडांखाली कडुनिंबाची कोवळी रोपे हिरवी होती, हात लावला तर माती थंड होती, गवताचीही चार पाती जिवंत होती. उघड्यावर मात्र काहीच उरले नव्हते. भरल्या पावसात जो भागीदार होता, तोच या कोरड्या दिवसांत छत्र होता. आकाशाने आपली रीत बदलली होती आणि हिंमतराव जुन्याच रीतीने न्याय करीत राहिले होते.

ज्येष्ठात सोजराबाई परतल्या. वाळलेल्या काडीपाशी त्या बराच वेळ बसल्या. ओले आळे आणि काट्यांचे कुंपण पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“भाऊ, तुम्ही तं लय केलं त्याच्यासाठी. मीच टाकून गेली त्याले. माह्याच हातून गेलं ते.”

खरे सांगायला हवे होते ते त्याच क्षणी, आणि तो क्षण हिंमतरावांनी जाऊ दिला. गावात सोजराबाई ज्याला त्याला हिंमतरावांच्या घागरींची कथा सांगत. लोक त्यांना धन्य म्हणत. त्यांचे स्वतःचे अन्न त्यांना गोड लागेना. अखेर एका सकाळी ते सोजराबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले आणि मान वर न करता त्यांनी सारे सांगितले. तरवड कोणी काढले, का काढले, आणि निजामच्या धुऱ्यावर काय दिसले.

सोजराबाईंनी हातातले सूप खाली ठेवले.

“झाड तं तुम्ही जगवाले गेले होते, भाऊ. त्याचं मी काही म्हनत नाही. पन इतके दिस मी सोताले दोष देऊन राह्यली, अन् तुम्ही ते ऐकून घेतलं. काऊन?”

हिंमतरावांनी बसल्या जागेवरून हात जोडले. सोजराबाई त्यांना रागाने काही बोलल्या असत्या तर बरे, असे त्यांना वाटले. त्या फक्त सूप उचलून घरात गेल्या.

पुढे चांगला पाऊस झाला तेव्हा हिंमतरावांनी त्या धुऱ्यावर तरवडाचे बी आपल्या हाताने टाकले. झुडपे कमरेएवढी वाढली, पिवळी फुलली. त्यांच्या सावलीला कडुनिंब आपण होऊन आला. सोजराबाई त्यांच्याशी पूर्वीसारख्याच बोलत, सणावाराला ताटही पाठवीत. पण तिथे दुसरी कोय त्यांनी कधी लावली नाही, आणि लावा म्हणून सांगण्याचे धैर्य हिंमतरावांना अखेरपर्यंत झाले नाही.